तळ्यावर पक्षी नव्हते

१

आंबवड्याहून भोरकडे येताना, वळणं संपतात तिथं एक जुनी मोरी आहे. त्या मोरीच्या कठड्यापाशी ठकुबाई ढेबे पडली होती आणि तिची मेंढरं रस्ता अडवून तशीच उभी राहिली होती. फौजदार अश्विनी कोंढरे पोचली तोवर ठकुबाईला भोरला हलवलेलं होतं. कठड्याच्या दगडावर रक्त होतं. खाली गवतात एक वहाण पडली होती, दुसरीचा पत्ता नव्हता. हवालदार माऊली रेणुसे मेंढरं हुसकत होते, पण ती जागची हलत नव्हती.

अश्विनी तशीच मागं फिरून डॉक्टर सुलक्षणाताईंच्या दवाखान्यात आली. ठकुबाई नुकतीच गेली होती. ताई बाकावर बसल्या होत्या. अंगातला कुडता रक्तानं भिजून कडक झाला होता आणि त्या स्वतःच्या हातांकडे बघत होत्या. या बाईला अश्विनीनं कधी हललेलं पाहिलं नव्हतं. अश्विनीच्या आईला झटका आला तेव्हा उशाशी बसून राहिलेल्या ताईच होत्या. भोरपासून वेल्ह्यापर्यंतच्या धनगरवाड्यांवर बायकांची बाळंतपणं त्यांच्याच हातून झालेली. आज त्या हुंदके देत होत्या, आणि अश्विनी त्यांच्याशेजारी बाकावर बसली.

हळूहळू त्यांनी सांगितलं ते असं. दर आठवड्याप्रमाणे त्या आंबवड्याला पेशंट बघायला गेल्या होत्या. परतताना मोरीजवळ मेंढरं आडवी दिसली म्हणून उतरल्या, तर ठकुबाई पडलेली. कुठल्या तरी गाडीनं उडवून पळ काढला होता. त्यांनी तिला आपल्या गाडीत घातलं आणि आणलं. घाईत गाडी वळवताना पुढचा कोपरा कठड्याला घासला, त्याचंही त्यांना भान नव्हतं.

अश्विनीनं तेवढंच लिहून घेतलं. उठताना ताई कंबर धरून उठल्या. कुडत्यावरून त्यांनी कमरेचा पट्टा आवळलेला होता. मणक्याच्या दुखण्यामुळं गेली काही वर्षं तो कायम असायचा.

२

दुसऱ्या दिवशी माऊलींनी बंडूला उचलून आणलं. बंडू किकवीचा, दुधाचा टेम्पो चालवणारा. रोज संध्याकाळी तो त्याच रस्त्यानं दूध गोळा करून यायचा, आणि त्याच्या टेम्पोचा डावा दिवा फुटलेला होता.

बंडू म्हणाला, दिवा सकाळी डेअरीच्या फाटकाला लागून फुटला. पाहिलं कुणी? कुणीच नाही. मोरीवरून गेलास तेव्हा काय दिसलं? काहीच नाही, तेव्हा मेंढरंही नव्हती. त्याचं बोलणं कुणालाच पटलं नाही. ठाण्याच्या आवारात जमलेल्या लोकांनी टेम्पोची काच फोडली, किटल्या लाथाडल्या. बंडूला आत घेताना कुणीतरी त्याच्या तोंडावर मारलं. ओठ फाटला तरी तो एकच वाक्य बोलत राहिला, की आपण कुणाला मारलेलं नाही.

वरून फोन येत होते की आरोपी मिळालाय तर प्रकरण आटपा.

अश्विनीनं ठकुबाईच्या नवऱ्याला, हैबतीला, वेगळं बसवलं. उंच, वाळलेला माणूस. खांद्यावर घोंगडं. त्यानं टेम्पोकडे एकदाही बघितलं नव्हतं. तो वाडीवर होता तेव्हा त्याला ठकुबाईशी बोलायला मिळालं होतं. डॉक्टरांनी दवाखान्यातून फोन लावून तिच्या कानाशी ठेवला होता.

"काय बोलल्या?" अश्विनीनं विचारलं.

"म्या इचारलं, लई लागलंय का. तर म्हनली, डॉक्टरीणबाई हाईत माज्यापाशी, तुमी घाबरू नगा. मेंढरं रस्त्यावरनं बाजूला घ्या म्हनली."

"कुणी धडक दिली, ते?"

हैबतीनं नकारार्थी मान हलवली. घोंगड्याची दशी बोटानं पिळली आणि तो उठून गेला.

त्याच्या पाठमोऱ्या उंचीकडे बघताना अश्विनीला पंचनाम्याच्या वेळी पाहिलेली ठकुबाई आठवली. तीही अशीच उंच, हाडापेरानं दणकट. शवविच्छेदनाच्या वेळी तिला उचलायला दोन गडी लागले होते. मग रस्त्यावर बेशुद्ध पडलेल्या त्या बाईला कमरेला पट्टा बांधलेल्या ताईंनी एकटीनं उचलून मागच्या सीटवर कसं ठेवलं?

अश्विनीनं तो विचार झटकला. माणूस जीव तोडून काहीही करतो, असं तिनं स्वतःला सांगितलं.

३

पण दोन-तीन दिवसांनी मोरीजवळच्या गवतात सापडलेल्या वस्तू माऊलींनी टेबलावर ओतल्या, आणि तिला तो विचार झटकता आला नाही.

त्यात एक काळी रबरी टोपी होती, बटणाएवढी, वरून खडबडीत. टेम्पोचा कसला तरी भाग असेल असं माऊलींना वाटलं होतं. अश्विनीनं ती उचलली आणि लगेच ओळखली. फौजदारकीच्या परीक्षेआधी तिनं इलेक्ट्रॉनिक्सची पदवी घेतली होती, आणि ड्युटीचा शीण घालवायला आजही ती घरी कन्सोलवर खेळायची. हातात धरून खेळता येतं आणि स्टँडमध्ये खोचलं की टीव्हीवरही दिसतं, असं ते यंत्र. त्याच्या दोन्ही अंगठ्यांखाली दोन छोट्या दांड्या असतात. बोट घसरू नये म्हणून त्या दांड्यांवर घालायची ही टोपी होती.

धनगरवाड्यावर असं यंत्र नव्हतं. बंडूकडे नव्हतं. भोरमध्ये तिला माहीत असलेलं एकच होतं, ताईंच्या मुलाकडे, इंद्रजितकडे.

ताईंनी विचारल्याबरोबर सांगितलं, की पोराच्या वस्तू गाडीत कायम लोळत असतात, दार उघडलं तेव्हा पडली असेल. हेही पटण्यासारखं होतं. इंद्रजित पुण्याला शिकायला होता, दिवाळीची सुट्टी संपली तरी घरीच राहिलेला. तो समोर आला तेव्हा अश्विनी चमकली. महिन्याभरापूर्वी मोटरसायकलवरून भरधाव जाताना माऊलींनी त्याला अडवलं होतं, तर ऐटीत हसत उभा होता. आज त्याचा चेहरा पांढरा पडला होता.

त्यानं न विचारताच सांगितलं, की तो त्या संध्याकाळी घरीच होता, टीव्हीवर गेम खेळत. आणि पुरावाही आहे म्हणाला. खेळातला एखादा क्षण आवडला की बटण दाबायचं, मग त्याआधीचा थोडा भाग यंत्र साठवून ठेवतं. तशी एक चित्रफीत त्या वेळची होती. वेळ बघितली तर ठकुबाई पडली त्याच सुमाराची. अश्विनीनं ती आपल्या फोनवर घेतली.

साधीच फीत. एक तळं, पलीकडे डोंगर. खेळणाऱ्यानं धनुष्य ताणलंय, नेम हळूहळू सरकतोय, आणि शेवटी पाण्यातून एक सांबर उसळून बाहेर येतं. फार सुंदर उडी होती ती.

"छान आहे," अश्विनी म्हणाली.

 इंद्रजित पाणी प्यायला आत गेला तो परत आला नाही.

४

दुपारी घरी जेवायला आली तेव्हा तिनं स्वतःचा खेळ टीव्हीवर लावला. ते तळं तिनं ओलांडलेलं होतं. तिला फक्त ते सांबर बघायचं होतं.

ती तळ्याकाठी उभी राहिली. आणि डोंगरावरून पक्ष्यांचा एक थवा उठून पाण्यावर फिरू लागला.

अश्विनीनं फोनवरची फीत पुन्हा लावली. तेच तळं, खेळातली तीच वेळ, तोच उजेड. पक्षी नव्हते. पलीकडच्या काठावरचं गवतही नव्हतं, नुसता हिरवा पट्टा होता. डोंगराची कडा किंचित पुसटलेली.

तिनं यंत्र स्टँडमधून उपसून हातात घेतलं. चित्र क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं. पक्षी गेले. गवत गेलं.

ती ताटावरून उठली.

कारण तिला पाठ होतं. या यंत्राच्या पोटात एकच प्रोसेसर असतो. हिशेब करणारा भाग आणि चित्र काढणारा भाग एकाच नखाएवढ्या चकतीवर. स्टँडमध्ये असताना भिंतीतली वीज मिळते, पंखा जोरात फिरतो, म्हणून तो पूर्ण वेगानं धावतो आणि टीव्हीसाठी बारीकसारीक तपशिलासह चित्र काढतो. हातात घेतलं की बॅटरी पुरवायची असते आणि तळहात भाजू द्यायचा नसतो. म्हणून तोच प्रोसेसर आपला वेग मुद्दाम कमी करतो, चित्र जरा जाडंभरडं काढतो, आणि लांबच्या ज्या गोष्टी नसल्या तरी चालतात त्या गाळून टाकतो. साठवलेल्या फितीत तो जे चित्र काढत होता तेच उतरतं.

इंद्रजित टीव्हीवर खेळत नव्हता. यंत्र त्याच्या हातात होतं.

तो खोटं का बोलला? हातात धरून गादीवर लोळत खेळलो असं म्हणायला काय हरकत होती? ती फीत पुन्हा पुन्हा बघत राहिली, आणि तिला दुसरी गोष्ट दिसली. नेम आपोआप डावीकडे घसरत होता. खेळणारा अंगठ्यानं तो ओढून जागेवर आणत होता. मग नेम उजवीकडे घसरायचा, पुन्हा ओढून आणायचा. मग डावीकडे, आधीपेक्षा जोरात.

 तिनं यंत्र पिशवीत टाकलं आणि ती ठाण्याकडे निघाली.

५

माऊलींना तिनं इतकंच सांगितलं की जीप आंबवड्यापासून भोरकडे न्यायची, ताई चालवतात तशी बेतानं. ती शेजारच्या सीटवर यंत्र हातात धरून बसली. तळ्याकाठी उभं राहून धनुष्य ताणलं.

माऊलींनी विचारलं, बाई, हे काय चाललंय. तिनं त्यांना समजावलं. या खेळात यंत्र हातात वळवलं की नेम वळतो. आत एक संवेदक असतो, तो क्षणोक्षणी प्रोसेसरला कळवतो की यंत्र किती फिरलं. पण हात फिरला का आपण बसलोय ती गाडी फिरली, हे प्रोसेसरला कळायचं साधन नाही. त्याच्यापुरतं सगळं सारखंच.

पहिलं वळण आलं. काहीही न करता तिचा नेम डावीकडे घसरला. दुसऱ्या वळणाला उजवीकडे. मग मोरीच्या अलीकडचं ते आखूड वळण, आणि नेम झपकन डावीकडे गेला. तिनं अंगठ्यानं तो ओढून आणला, तसाच, जसा त्या पोरानं आणला होता. समोर मोरीचा कठडा होता.

माऊलींनी जीप थांबवली. दोघांनी फोनवरची फीत लावून पाहिली. वळणामागून वळण जुळत गेलं. ते जुळत गेलं तसा माऊलींचा चेहरा उतरला. त्यांच्याही सुनेचं बाळंतपण ताईंनीच केलं होतं.

"म्हणजे पोरगं गाडीत होतं," ते म्हणाले. "गाडी त्यानंच चालवली असणार, बाई. भरधाव चालवायची सवय हाय त्याला. आन आई झाकतीय."

 अश्विनीलाही क्षणभर तसंच वाटावं असं वाटलं होतं.

६

ताईंच्या घरी मायलेक समोरासमोर बसली होती. अश्विनीनं फोन मधल्या टेबलावर ठेवला आणि तळ्यावर पक्षी का नाहीत ते सांगितलं. इंद्रजित म्हणाला, बरं, नव्हतो टीव्हीवर, खोलीत पडून खेळत होतो. मग तिनं नेम कसा घसरतो ते दाखवलं आणि आपण त्या रस्त्यावरून आत्ताच येतोय असं सांगितलं.



मग इंद्रजित उभा राहिला. तो अगदी स्पष्ट बोलला. गाडी मी चालवत होतो. धडक माझ्या हातून बसली. आई शेजारी होती, तिचा यात काही दोष नाही. मला घेऊन चला.

माऊलींनी अश्विनीकडे पाहिलं. ती फोनकडेच बघत होती.

"खाली बस," ती म्हणाली. "ही फीत मोरीच्या अलीकडच्या वळणापर्यंत आहे. तोवर प्रत्येक वळणाला तू नेम ओढून आणलायस. एका अंगठ्यानं नेम, दुसऱ्या हातानं ताणलेलं धनुष्य, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. स्टिअरिंग कुठल्या हातानं धरलं होतंस?"

इंद्रजित खाली बसला. अश्विनीला पुढचं वाक्य उच्चारवेना. ते तिच्याऐवजी सुलक्षणाताई बोलल्या.

"मी चालवत होते, अश्विनी."

आणि मग त्या थांबल्याच नाहीत. वेग फार नव्हता. शेवटचं वळण घेतलं, रस्ता मोकळा दिसला. तेवढ्यात इंद्रजित म्हणाला, आई, हे बघ ना. त्याच्या हातातल्या पडद्यावर एक सांबर पाण्यातून उसळत होतं. त्यांनी बघितलं. एकदाच, मान वळवून. पुन्हा समोर बघेस्तोवर मेंढरं रस्त्यावर आली होती आणि त्यांच्यापुढं ठकुबाई. इंद्रजितनं उडी टाकली, दोघांनी मिळून तिला उचललं. दवाखान्याच्या दारात त्यांनी त्याला मागच्या मागं घरी पाठवलं.

"का?" अश्विनीनं विचारलं. "तुम्ही थांबलात, तिला आणलंत. तिथंच खरं सांगितलं असतंत तर..."

"सांगणारच होते. गाडीतच ती शुद्धीवर आली. मला ओळखलं. म्हणाली, बाई, तुम्ही हितं कशा? आणि माझ्या तोंडून निघून गेलं, की तुला कुणीतरी उडवून गेलं गं, मी मागून आले. ती म्हणाली, व्हय बाई. आणि माझा हात धरून ठेवला. दवाखान्यात पोचेस्तोवर सोडला नाही. त्या हातात हात असताना मी खोटं बोलले होते, अश्विनी. मग ते मागं घेता येईना."

बंडूचं काय, असं अश्विनीनं विचारलं. ताईंनी डोळे मिटून घेतले. बंडूला धरल्याचं कळल्यापासून त्या धड जेवलेल्या नव्हत्या. उद्या जाऊन सांगू असं त्या रोज ठरवत होत्या, आणि रोज एखादी अडलेली बाई दारात येत होती.

इंद्रजित तोंड झाकून रडत होता. आपण 'बघ ना' म्हटलं नसतं तर, एवढंच तो बोलत होता. त्याची भरधाव मोटरसायकल अडवली होती तेव्हा माऊलींनी त्याला शिव्या घातल्या होत्या. आता ते त्याच्या पाठीवर हात ठेवून उभे राहिले.

७

ठाण्यात बंडूला सोडायची तयारी झाली. हैबतीला निरोप धाडून बोलावून घेतलं होतं. ही गोष्ट त्याला आपणच सांगायची, असं अश्विनीनं ठरवलं होतं. ताई बाजूच्या खुर्चीवर होत्या. हैबती आला आणि दारातच थबकला, मग ताईंना हात जोडून खाली बसला.

अश्विनीनं त्याला सगळं सांगितलं. शब्द निवडत, जमेल तितक्या हळू. ठकुबाईला धडक देणारी गाडी डॉक्टरांची होती, इथपर्यंत ती आली आणि त्याच्या तोंडाकडे बघून अडखळली. त्या तोंडावरची रेषही हलली नव्हती.

"ठावं हाय," हैबती म्हणाला.

त्यानं घोंगडं खांद्यावरून काढून मांडीवर घेतलं.

"फोनवर तिनंच सांगितलं. बाई सलाईन आनाया गेल्या व्हत्या तवा. म्हनली, गाडी बाईंचीच व्हती, म्या बगितली. मुद्दाम न्हाई केलं त्यांनी. कुनापाशी बोलू नगा. वाडीवर दुसरं कोन येतंय आपल्या बायकांसाठी?"

  सुलक्षणाताईंचा हात आपोआप दुसऱ्या हाताकडे गेला आणि त्यांनी स्वतःचंच मनगट घट्ट धरलं. अश्विनीला त्यांच्याकडे बघवेना. मरणाऱ्या बाईला आपण फसवलं या ओझ्याखाली त्या इतके दिवस जगत होत्या. आणि ती बाई सगळं जाणून 'व्हय बाई' म्हणाली होती.

"तिनं मला..." ताई एवढंच म्हणाल्या. मग त्यांनी कागद पुढं ओढला आणि अश्विनीला म्हणाल्या, "लिही. मी म्हणते तसं लिही. पोराचं नाव आरोपींत घालू नकोस."

तेवढ्यात मागून पावलं वाजली. बंडू कोठडीतून बाहेर येऊन दारात उभा होता. ओठाची जखम काळी पडली होती. त्यानं सगळं ऐकलं असावं. तो डॉक्टरांकडे गेला नाही. हैबतीसमोर जाऊन उभा राहिला.

"तुमाला ठावं व्हतं," तो म्हणाला. "आन माजा टेम्पो फोडत व्हती माणसं, तवा तुमी तितंच व्हता."

हैबतीनं मान वर केली नाही.   या माणसानं मेलेल्या बायकोचा शब्द पाळला होता, आणि त्यासाठी एका जिवंत माणसाला कोठडीत राहू दिलं होतं. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या होत्या, आणि त्यातली कुठली आधी लिहावी ते फौजदार अश्विनीला समजत नव्हतं.

"व्हय," हैबती अखेर म्हणाला. "तितंच व्हतो."

तो गुडघ्यावर हात टेकून उठला, बंडूच्या समोर आला, आणि मार खायला उभं राहावं तसा हात खाली सोडून उभा राहिला.

बंडूनं त्याला मारलं नाही.  नुसता त्याला वळसा घालून दाराबाहेर गेला. आवारात त्याच्या टेम्पोच्या काचा अजून तशाच पडल्या होत्या. तो खाली बसून त्या एकेक करून वेचू लागला. थोड्या वेळानं हैबती बाहेर आला आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसून तोही काचा वेचू लागला.